सहावरचं कडं

"मला मुलगी नाही ते बरं आहे, असती तरी फिरत्या कड्याची दुर्बीण मी तिच्या हातात दिली नसती," असं श्यामसुंदर वडके रायफल क्लबाच्या भर सभेत म्हणाला होता.

सभा हसली. पुण्यात एखाद्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं नसलं, की त्याला विनोदी ठरवून टाकतात. श्यामसुंदर हसला नाही. त्याला विनोद येतच नसे. त्याला टोचून बोलता येई, आणि आयुष्यभर त्यानं त्यावरच भागवलं. सभा रायफलींवर लावायच्या दुर्बिणींसाठी बोलावलेली होती. आठ घ्यायच्या होत्या. त्या एकाच पटीच्या घ्यायच्या, की कडं फिरवून पट कमीजास्त करता येणाऱ्या, एवढाच प्रश्न होता. बाकीच्यांना तो खरेदीचा प्रश्न वाटत होता.

श्यामसुंदर कसब्यातला, तांबट आळीचा. बापाचा जन्म तांब्याची भांडी मठारण्यात गेला. घरात पहाटेपासून ठोके. बोलायचं तर ओरडून, नाहीतर गप्प बसायचं. पोरगा दुसरं शिकला. विसाव्या वर्षी तो सरकारी कारखान्यात लागला आणि त्यानं काचेचं खातं मागून घेतलं, कारण तिथे आवाज नव्हता. तिथे शिंक आली तर माणूस बाहेर जाऊन शिंकत असे. सदतीस वर्षं त्यानं तोफांच्या आणि रायफलींच्या दुर्बिणी जुळवल्या. नव्या साहेबांना यंत्रावर भिंगाचा जो बाक सापडत नसे, तो त्याला अंगठ्याच्या नखाला लागे.

मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात तसे ते उघडले, आणि त्यातून तयार जुळवलेल्या दुर्बिणी आत आल्या. खात्यातली बाकडी एकेक करून उचलली गेली. सत्त्याण्णव साली श्यामसुंदरनं स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. स्वेच्छा कुणाची, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीत त्यानं बाकडं टाकलं. सुरुवातीला जमीन मोजणारे लोक त्यांची पितळी यंत्रं घेऊन येत. त्या यंत्रांच्या आतली फुली तुटली की श्यामसुंदर कोळ्याचा धागा ताणून नवी बसवून देई. त्यासाठी त्यानं माळ्यावरचे कोळी कधी झाडू दिले नाहीत. गावाबाहेर टेकड्या कापून इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा मोजणीचं काम वाढलं, आणि श्यामसुंदरचं संपलं. पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं आली होती. त्यांच्यात कोळ्याला काम नव्हतं. उरला रायफल क्लब. तिथली हत्यारं आणि दुर्बिणी राखायचं काम त्याच्याकडे मानद होतं. मानद म्हणजे फुकट, एवढं संस्कृत त्याला येत होतं.

त्या रिकाम्या चार वर्षांत त्यानं स्वतःची एक दुर्बीण केली. एका पटीची, दहापट. भिंगं स्वतः घासली, नळी पितळेची ओढून घेतली. तिला फिरवायला काहीच नव्हतं. हातात घेतली की खलबत्त्यातला बत्ता धरल्यासारखं वाटे. क्लबानं तसल्या आठ करून घेतल्या असत्या, तर आपण इतकी वर्षं काय केलं हे कुणाला तरी दाखवता आलं असतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ह्यापलीकडे त्याला काही नको होतं, पण हे मात्र फार हवं होतं.

पैसे देणार होता आमोद आठल्ये. अमेरिकेत नऊ वर्षं राहून परतलेला, हिंजवडीला स्वतःची कंपनी, वय चाळीसच्या आत. दर रविवारी येऊन मनापासून नेमबाजी करायचा आणि आठ दुर्बिणींचा खर्च कंपनी करील असं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. त्याच्याजवळ फिरती दुर्बीण होती, तीनपटीपासून दहापटीपर्यंत. ती रायफलीवर बसवून घ्यायला तो श्यामसुंदरच्या खोलीवर आला.

"काका, दोन हजार एक साल आहे," आमोद म्हणाला. "जगात आता कुणी फिक्स पटीची घेत नाही."

"जगात कुणी दुपारचं झोपतही नाही म्हणतात. म्हणून आम्ही सोडलं का?"

"अहो, ऊन तापलं की दहापटीत जमिनीवरची वाफ उकळताना दिसते. निशाण नाचायला लागतं. मी रिंग पाचावर आणतो, नाच बंद. तुमच्या दुर्बिणीत काय करायचं?"

"सकाळी लवकर उठायचं."

"आणि निशाण शोधायला? सहाशे मीटरवर दहापटीत आजूबाजूचं दिसतं केवढंसं! मागे एकानं शेजाऱ्याचं निशाण फोडलं."

"ज्याला स्वतःचं निशाण सापडत नाही, त्याला दुर्बीण नको, काठी द्या." श्यामसुंदरनं आमोदची दुर्बीण उलटसुलट करून पाहिली. "आमोदराव, दुर्बिणीत फुली असते, आणि फुलीच्या उभ्या दांडीवर ठिपके. लांब मारताना गोळी खाली पडते, म्हणून फुलीऐवजी खालचा ठिपका निशाणावर धरायचा. बरोबर?"

"बरोबर."

"माझ्या दुर्बिणीत ठिपक्यांचं माप नेहमी खरं. तुमच्या ह्या दुर्बिणीत ते फक्त दहावर खरं. कडं खाली आलं की निशाण लहान होतं, ठिपके तेवढेच राहतात, आणि गोळी जाते डोक्यावरून."

"मग दहावर ठेवून मारायचं, काका."

"आणि दहावरच ठेवायचं तर फिरवायचं कशाला?"

आमोद मोकळेपणानं हसला. "तुमची दुर्बीण आम्ही ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये ठेवू. काचेच्या कपाटात, खाली तुमचं नाव. लोकांना कळू दे, आपल्याकडे काय होतं ते."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं टोमणा मारला असता तर श्यामसुंदरनं तो परत केला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून त्यानं आमोदची दुर्बीण बाकड्यावर घट्ट बांधली आणि समोरच्या गल्लीच्या टोकावरची दुकानाची पाटी वाचली. तीनपटीत वाचली, सहापटीत वाचली, दहापटीत वाचली. कडं फिरवताना फुली जागची हलते का ते पाहिलं. हलली नाही. पाटीवरची अक्षरं पार कडेपर्यंत सरळ आणि काळी होती. मग त्यानं स्वतःची दुर्बीण तिथेच बांधली. कडेच्या अक्षरांना निळसर झालर होती. ती झालर त्याला चार वर्षं माहीत होती आणि चार वर्षं तो मधली अक्षरं वाचत आला होता. परक्या दुर्बिणीत दोष सापडत नाही, ह्याचा त्याला इतका राग आला की त्यानं दोन्ही दुर्बिणींवर फडकं टाकलं आणि चहा करायला उठला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

क्लबाचे सेक्रेटरी माधवराव, कॉलेजातून निवृत्त झालेले, श्यामसुंदरचे शाळेपासूनचे ओळखीचे. त्यांनी तोड काढली. दिवाळीनंतर दुसऱ्या राज्यात लांब पल्ल्याची स्पर्धा होती. चार जणांच्या संघातली एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोघं उरले होते, रुपाली आणि साई. दसऱ्याला दोघांनी एकेक दुर्बीण घेऊन मारायचं; जिंकेल तो संघात, आणि जिंकेल त्याची दुर्बीण क्लबात.

"दोघांनी दोन्ही दुर्बिणींनी मारायला पाहिजे," आमोद म्हणाला. "नाहीतर सिद्ध काय होणार?"

"काडतुसं काय झाडाला लागतात?" माधवराव म्हणाले. "परीक्षा एकदाच. माणसांचीही आणि दुर्बिणींचीही."

चिठ्ठ्या टाकल्या. साईला श्यामसुंदरची दुर्बीण आली, रुपालीला आमोदची.

साई एका कंपनीत कोड लिहायचा. स्पर्धेच्या निमित्तानं सुट्टी मिळेल म्हणून त्याला जायचं होतं. रुपालीचं तसं नव्हतं. ती अंबाजोगाईची. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली, सकाळी कॉलेज, दुपारी एका दवाखान्यात नंबर लावायचं काम. त्या स्पर्धेला गेल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून तिला पोलिसात फौजदार म्हणून अर्ज करता येत होता, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती क्लबात आली तेव्हा रायफल कुणाची घ्यायची हेही तिला माहीत नव्हतं. श्यामसुंदरनं तिला श्वास अर्ध्यावर सोडून थांबायला शिकवलं, चाप ओढायचा नसतो, दाबत न्यायचा असतो हे शिकवलं. शिकवताना तो इतकं तिरकं बोले की बाकीची पोरं पळाली. ती राहिली. गावाकडे तिनं ह्याहून वाईट ऐकलं होतं.

खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा होत असे. संध्याकाळी रायफली पाटावर मांडायच्या, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याची पहिली फेरी संपेपर्यंत त्याच्यावरचं कुंकू पुसायचं नाही. आमोदनंही ही रीत मानली होती. त्यानं फोटोही काढले होते. दोन्ही दुर्बिणी श्यामसुंदरनंच तीनशे मीटरला जुळवून दिल्या होत्या. आमोदच्या दुर्बिणीचं कडं दहावर ठेवून त्यानं त्याच्यावर कागदी चिकटपट्टी लावली होती. तोवर तो सचोटीनं वागला होता. हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण ह्यापुढे त्याच्या बाजूनं नोंदवण्यासारखं फारसं नाही.

शहराबाहेर डोंगराच्या पोटात लष्कराची लांब रेंज होती. दसऱ्याला लष्कराची स्वतःची सुट्टी असल्यामुळे ती क्लबाला मिळे. सकाळी आठला रायफली पेट्यांतून काढल्या. रायफल मांडून द्यायची ती वडक्यांनीच, अशी चाल होती. साईची मांडून झाली. रुपालीची रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवताना श्यामसुंदरच्या बोटांना दुर्बिणीचं कडं लागलं.

चिकटपट्टी नव्हती. कड्यावर एक उंचवटा असतो. दहावर तो सरळ वर येतो. तो आडवा झाला होता. आकड्यावर कुंकवाचा जाड ठिपका वाळून बसला होता, त्यामुळे आकडा दिसत नव्हता, पण श्यामसुंदरला आकड्याची गरज नव्हती. सहा.

बोट तिथेच होतं. अंगठा आणि तर्जनी मिळून एक वळसा, एवढंच काम.

मागे आमोद कुणाला तरी सांगत होता, "काकांची दुर्बीण कमाल आहे हो. म्युझियम पीस."

श्यामसुंदरनं हात काढून घेतला. पूजेनंतर कड्याला हात लावायचा नसतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चाल पहिल्या फेरीपर्यंत कुंकू न पुसायची, एवढीच होती. कडं फिरवायला तिची काही हरकत नव्हती. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. मग त्यानं स्वतःला सांगितलं, की पोरगी हुशार आहे, तिच्या लक्षात येईल. तो मागे आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

आधी तीनशे मीटर. तिथे फुलीनंच मारायचं असतं, आणि फुली कुठल्याही पटीत खरीच असते. रुपालीनं पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस घेतले, साईनं चव्वेचाळीस. आमोदनं टाळी वाजवली. ती आत्ता उठून कडं पाहील असंही श्यामसुंदरला वाटलं, आणि पाहू नये असंही.

लगेच सहाशे. मध्ये फक्त एक मिनिट. दुर्बिणीची बटणं फिरवून जुळवत बसायला वेळ नसतो, म्हणून तिसरा ठिपका निशाणावर धरायचा. रुपाली सहाशेच्या निशाणाकडे वळली. गाल रायफलीवर तसाच ठेवून ती म्हणाली,

"काका, निशाण लांब गेल्यावानी दिसायलंय."

"सहाशे मीटरवर आहे. लांबच असणार," श्यामसुंदर म्हणाला.

लोक हसले. तीही थोडी हसली, कारण काका असंच बोलतात. मग तिनं श्वास अर्ध्यावर सोडला.

पाच गोळ्या. निशाणाखालच्या खंदकात पोपट नावाचा गडी खुणा दाखवायला बसलेला असे. प्रत्येक गोळीनंतर त्याचा लाल झेंडा वर आला आणि इकडून तिकडे हलला. लागली नाही. लागली नाही. निशाणाच्या वर हातभर अंतरावर मागच्या मातीतून धूळ उडत होती, पाचही वेळा जवळजवळ एकाच जागी. इतका बंदिस्त गट त्या रेंजवर त्या वर्षी कुणी मारला नव्हता. साईनं श्यामसुंदरच्या दुर्बिणीनं एकोणचाळीस घेतले, बरे म्हणावे असे.

रुपाली उठली नाही. कपाळ वाळूच्या पिशवीला लावून पडून राहिली. आमोद धावत गेला, त्यानं दुर्बिणीवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि ओरडला, "सहावर आहे! रिंग सहावर आहे!"

दुपारी क्लबाच्या खोलीत सभा बसली. दाराजवळ सगळ्यांच्या चपला, टेबलावर आपट्याची पानं आणि पेढ्यांचा पुडा. रुपाली भिंतीशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"पट्टी कुणी काढली?" माधवरावांनी विचारलं.

"मी काढली," झाडलोट करणारी सुंदराबाई दारातून म्हणाली. "चिकटपट्टी लावलेलं हत्यार देवापुढं कसं मांडायचं? पुसलं, स्वच्छ केलं, मग ठेवलं. त्यात फिरलं असंल काही, मला काय ठावं?"

तिला कुणी काही बोललं नाही. देवाचं काम होतं.

"माझ्या स्कोपची हार मला मान्य आहे," आमोद म्हणाला. "काका बरोबर बोलत होते. फिक्समध्ये ही चूक होऊच शकत नाही. क्लबानं त्यांच्याच आठ दुर्बिणी करून घ्याव्यात, पैसे मी देतो. पण रुपालीला परत मारू द्या. तो गट बघितलात ना? काडतुसं माझी."

श्यामसुंदरनं त्याच्याकडे पाहिलं. आजवर त्यानं आमोदला मनातल्या मनात बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं एकही आता जुळत नव्हतं. ह्याबद्दल त्याला आमोदचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला.

माधवरावांनी नियमांचं पुस्तक काढलं होतं. चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी वाचलं, "हत्यार मांडून देणाऱ्याची चूक असल्यास फेरी पुन्हा द्यावी. नेमबाजाची चूक असल्यास देऊ नये." त्यांनी पुस्तक मिटलं. "आमोद, दया वेगळी आणि नियम वेगळा. कडं पाहून घेणं हे नेमबाजाचं काम. आता प्रश्न एवढाच. श्यामसुंदर, रायफल तू मांडलीस. तेव्हा कडं कुठे होतं? तुला दिसलं का?"

श्यामसुंदरच्या तोंडात दोनच शब्द होते, 'दिसलं होतं'. एवढे बोलले की पोरगी पुन्हा मारणार, संघात जाणार, फौजदार होणार. आणि आठ दुर्बिणींचं काय होणार, तो ह्या खोलीत पुन्हा कसा येणार, हेही उघड होतं. त्यानं घसा साफ केला.

"त्यांना कशाला विचारता, सर?" रुपाली म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "त्यांना दिसलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का? तीन वर्षं बघायलेय मी. कॉलर वाकडी असली तरी बोलतेत ते. चूक माझीच हाय. निशाण बारीक दिसायलं होतं, मला कळाया पाहिजे होतं."

"हे बाकी खरं," माधवराव म्हणाले. "श्यामसुंदरच्या नजरेतून सुटलं म्हणजे खरंच दिसण्यासारखं नसणार." चारदोन माना हलल्या. आमोदनंही, थोडं थांबून, मान हलवली. माधवरावांनी वहीत लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "चौथी जागा, साई. दुर्बिणी आठ, एका पटीच्या, वडके ह्यांच्या बनावटीच्या. सर्वानुमते." मग वही मिटून ते हसले. "झालं बाबा तुझ्या मनासारखं. चार वर्षं डोकं खाल्लंस. आता बोल दोन शब्द. आणि टोमणा नको, सणाचा दिवस आहे."

टाळ्या वाजल्या. रुपालीनं टेबलावरचं आपट्याचं पान उचललं, श्यामसुंदरच्या हातावर ठेवलं आणि रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडायला वाकली. त्याचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला नाही. मधेच थांबला आणि मागे आला.

"बोला काका," आमोद म्हणाला.

श्यामसुंदर उठला. पान टेबलावर ठेवलं. खुर्च्यांमधून वाट काढत दाराशी गेला, सगळ्यांच्या चपलांतून आपल्या दोन शोधून पायांत घातल्या, आणि जिना उतरून रस्त्यावर निघून गेला.